काविळीआड लपलेला मज्जेचा आजार

पित्तनलिकेचा कर्करोग पसरतो तो कुठे, असे विचारले तर पाठ्यपुस्तके ठरलेल्या क्रमाने उत्तर देतात: यकृताचा उरलेला भाग, आसपासच्या लसिका ग्रंथी, पोटाच्या आतले आवरण, फुप्फुसे आणि मग हाडे. हाडांच्या पोकळीतली मज्जा या यादीत बहुधा येतच नाही. आलीच तर ‘क्वचित’ या एका शब्दावर तिची बोळवण होते. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांची नोंद होते तीही एकेकट्या रुग्णाच्या वृत्तान्तांतून. हा प्रसार विरळ आहे, यात वाद नाही. पण कागदावर तो जितका विरळ दिसतो तितका शरीरात नसावा, असे मानायला सबळ आधार आहे आणि तो आधार या कर्करोगाच्या स्वभावातच आहे. मज्जा कर्करोगाने व्यापली की रक्तात ज्या खुणा उमटतात, त्यातल्या प्रत्येक खुणेसाठी पित्तनलिकेच्या रुग्णात आधीच एखादे पटण्याजोगे कारण हजर असते. प्रत्येक खूण त्या-त्या कारणाच्या खात्यावर जमा होते आणि सगळ्या खुणा मिळून काय सांगत आहेत, हे वाचायचे राहून जाते.

मुळात हा आजार उशिरा सापडणारा. यकृताच्या आतल्या बारीक नलिकांत सुरू होणारा, डाव्या-उजव्या नलिका एकत्र येतात त्या यकृतद्वाराशी होणारा आणि खाली स्वादुपिंडाजवळच्या भागात होणारा, असे त्याचे तीन प्रकार. यकृतद्वाराशी होणाऱ्या गाठींचे सविस्तर वर्णन जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ मध्ये १३ रुग्णांच्या आधारे केले. त्या गाठीला आजही त्यांचेच नाव आहे. जगाच्या नकाशावर या रोगाचे वाटप अत्यंत विषम आहे. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या गोड्या पाण्यातल्या माशांतून यकृतात शिरणाऱ्या चपट्या कृमीमुळे तो जगात सर्वाधिक आढळतो. त्या कृमीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये निःसंशय कर्करोगकारक ठरवले. जपानमधल्या ओसाका येथे एका छापखान्यातल्या कामगारांत हा कर्करोग अनपेक्षितपणे दिसला, तेव्हा यंत्रे पुसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका द्रावकावर बोट ठेवले गेले. आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग जास्त. पित्तनलिकेचा त्या मानाने कमी. पण कोणत्याही प्रदेशातला रुग्ण घेतला तरी कथा सारखीच असते. बहुतेकांच्या बाबतीत निदान होते तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते आणि पुढची लढाई नळी मोकळी ठेवणे, जंतुसंसर्ग आवरणे आणि केमोथेरपी देणे या तीन आघाड्यांवर चालते.

यकृतातल्या पेशी मज्जेपर्यंत पोहोचतात तरी कशा? इंग्लंडमधल्या स्टीफन पॅजेट या शल्यविशारदाने १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि दाखवून दिले की कर्करोग रक्ताच्या ओघाने कुठेही वाहत जाऊन रुजत नाही. बी पडायला जमीनही तशीच लागते. हाडे ही अशी एक सुपीक जमीन असल्याचे त्याच्या नोंदींतूनच पुढे आले. १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी पाठीच्या कण्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांच्या जाळ्याकडे लक्ष वेधले. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की या शिरांत रक्त उलटे वाहू शकते आणि पोटातल्या पेशी फुप्फुसांची चाळणी टाळून थेट मणक्यांत उतरू शकतात. मोठ्या माणसाची लाल मज्जा मणके, कटीची हाडे, बरगड्या, उरोस्थी इथे मुख्यतः असते. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती पातळ आणि सच्छिद्र, कारण नव्या रक्तपेशींना त्यातूनच बाहेर पडायचे असते. ज्या वाटेने पेशी बाहेर पडतात, त्याच वाटेने बाहेरच्या पेशी आत शिरतात. शिवाय मज्जेतल्या आधारपेशी रक्तपेशींच्या मूळपेशींना जागेवर धरून ठेवण्यासाठी जे रासायनिक संकेत सोडतात, ते ओळखणारे ग्राहक काही कर्करोगपेशींवरही असतात. थोडक्यात, जीवशास्त्राच्या बाजूने पाहिले तर मज्जेत जाण्याची वाट मोकळी आहे.

इथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे, नाहीतर सगळी चर्चा घसरते. मज्जेत एकट्यादुकट्या कर्करोगपेशी सापडणे आणि मज्जाच कर्करोगाने भरून जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या ४,७०३ स्त्रियांपैकी ३०.६ टक्क्यांच्या मज्जेत अशा विखुरलेल्या पेशी आढळल्या होत्या. त्यांतल्या अनेकींना त्याचा त्रास कधी झालाही नाही, तरी एकूण गट म्हणून त्यांचे भवितव्य इतरांपेक्षा वाईट ठरले. म्हणजे पेशी पोहोचणे तितके दुर्मिळ नाही. रुजणे दुर्मिळ आहे. या लेखाचा विषय आहे तो रुजण्याचा टप्पा, जिथे कर्करोगपेशी रक्त तयार करणाऱ्या पेशींना हुसकावून लावतात. या अवस्थेला जपानमधल्या हायाशी यांनी १९७९ मध्ये मज्जेतला सर्वदूर पसरलेला कर्करोग म्हणून स्वतंत्र ओळख दिली. त्यांच्या आणि नंतरच्या मालिकांत बहुसंख्य रुग्ण जठराच्या कर्करोगाचे होते, पित्तनलिकेचे मोजके.

मज्जा अशी व्यापली गेली की काय होते, हे काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या एका थेंबात दिसते. निरोगी माणसाच्या रक्तात तांबड्या पेशी गोल, केंद्रक नसलेल्या असतात. अपरिपक्व पेशी मज्जा सोडून बाहेर येत नाहीत. मज्जेत गर्दी झाली की ही शिस्त मोडते. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक तसेच असलेल्या तांबड्या पेशी दिसू लागतात, त्यांच्या शेजारी पांढऱ्या पेशींची अर्धवट वाढलेली रूपे दिसतात आणि काही तांबड्या पेशी अश्रूच्या थेंबासारख्या एका टोकाला निमुळत्या झालेल्या असतात. आजार आणखी पुढे गेलेला असेल तर शिरस्त्राणासारखे तुटके तुकडेही दिसतात. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्यांचे धागे पसरलेले असतात आणि त्यांतून जाताना पेशी चिरल्या जातात, त्याची ही खूण. कर्करोगपेशींतून सुटणारे पदार्थ रक्त गोठवण्याची साखळी सगळीकडे एकाच वेळी सुरू करतात. त्यात प्लेटलेट आणि गोठवणारी प्रथिने खर्ची पडतात, आणि मग जिथे थांबायला हवे तिथे रक्त थांबत नाही. हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचल्या जागेतून होणारा रक्तस्राव हे या अवस्थेचे बाह्य रूप. उपचार झाले नाहीत तर उरलेले आयुष्य आठवड्यांत, फार तर थोड्या महिन्यांत मोजावे लागते.

आता हेच चित्र पित्तनलिकेच्या रुग्णावर ठेवून पाहिले की ते कसे पुसले जाते, हे कळते. कावीळ वाढली: नळी मोकळी ठेवण्यासाठी बसवलेला स्टेंट तुंबला असेल. अल्कलाइन फॉस्फटेज वाढले: नळी बंद असल्यावर ते वाढणारच. रक्त गोठायला वेळ लागतो आहे: पित्त आतड्यात पोहोचत नाही, म्हणून ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही. प्लेटलेट उतरल्या: केमो चालू आहे, किंवा गाठीने यकृताची मुख्य शीर दाबून प्लीहा मोठी झाली आहे. ताप आणि प्लेटलेट दोन्ही बिघडले: नळीत पू झाला असेल, आणि पावसाळ्यात महाराष्ट्रात असेल तर आधी डेंगीची तपासणी होईल. हिमोग्लोबिन खाली आले: जुन्या आजारात ते येतेच. कंबर दुखते: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दुखणारच. यातले एकही स्पष्टीकरण चुकीचे म्हणता येत नाही. बहुतेक वेळा तेच खरे असते. अडचण अशी की मज्जा व्यापली गेल्यावरही नेमक्या याच गोष्टी घडतात. जठराच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णात कावीळ आणि रक्त न गोठणे एकदम दिसले तर डॉक्टर दचकतात. पित्तनलिकेच्या रुग्णात ते रोजचेच वाटते.

ही गुंतागुंत सोडवायला महागडे तंत्र लागत नाही. साध्या तपासण्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्या लागतात. नळी तुंबल्याची कावीळ असेल तर बिलिरुबिनचा मुख्यतः प्रत्यक्ष भाग वाढतो. तांबड्या पेशी फुटत असतील तर अप्रत्यक्ष भाग वाढतो आणि सोबत एलडीएच हे पेशींतले विकर चढते. अल्कलाइन फॉस्फटेज यकृतातून येत असेल तर जीजीटी हे यकृताचे विकर बरोबरीने चढते. हाडातून येत असेल तर जीजीटी त्या प्रमाणात चढत नाही. ‘के’ जीवनसत्त्वाच्या अभावाने गोठण्याची वेळ लांबलेली असेल तर इंजेक्शनने ती सहसा एक-दोन दिवसांत सुधारते आणि त्या अभावात प्लेटलेट किंवा फायब्रिनोजेन कमी होत नाही. प्लीहेमुळे प्लेटलेट उतरतात त्या हळूहळू, आणि एका पातळीवर टिकतात. या कर्करोगाच्या रूढ केमोत जेमसायटाबिन आणि सिस्प्लॅटिन तीन आठवड्यांच्या चक्रात पहिल्या आणि आठव्या दिवशी देतात. त्यामुळे घसरलेल्या प्लेटलेट मधल्या विश्रांतीत वर येतात. औषध थांबवून तीन आठवडे झाले तरी आकडा वर येत नसेल तर दोष औषधावर टाकून मोकळे होता येत नाही. जंतुसंसर्गाने रक्त गोठण्याची साखळी बिघडली असेल तर नळी मोकळी करून प्रतिजैविके दिल्यावर काही दिवसांत ती सावरू लागते. एवढे सगळे करूनही चित्र सुधारत नाही, तेव्हा नेमके कोणते स्पष्टीकरण उरते?

या युक्तिवादावर पहिला आक्षेप सरळ आहे: हा प्रसार सापडत नाही, कारण तो नसतोच, जठरातल्या काही विशिष्ट पेशींना मज्जेची ओढ असते, पित्तनलिकेतल्यांना नसते. हा आक्षेप टाकाऊ नाही. मज्जा भरून टाकणारे जठराचे कर्करोग मुख्यतः एकमेकींना न चिकटणाऱ्या, सुट्या पेशींचे असतात. पित्तनलिकेच्या गाठी बहुधा दाट तंतुमय असतात आणि नसांच्या, लसिकावाहिन्यांच्या कडेने सरकतात. त्यामुळे दोन्ही कर्करोगांत हे प्रमाण सारखेच असेल, असा दावा कोणी करू नये. पण ‘नसतोच’ म्हणण्यासाठी शोध घेतलेला असावा लागतो. पित्तनलिकेच्या कर्करोगाचा टप्पा ठरवताना मज्जा तपासण्याची पद्धत नाही. शरीरात दूरवर कुठेही प्रसार दिसला की टप्पा चौथा ठरतो आणि शोध तिथेच थांबतो. कर्करोगाने दगावलेल्यांचे शवविच्छेदन आपल्याकडे जवळजवळ होत नाही, परदेशातही ते घटले आहे. एकेकट्या रुग्णाचे वृत्तान्त प्रसिद्ध होतात ते विलक्षण म्हणून. ज्याचा मृत्यू ‘जंतुसंसर्ग आणि यकृत निकामी’ या नोंदीखाली गेला, तो कोणत्याच वृत्तान्तात येत नाही. अशा पुराव्यावरून प्रमाण काढता येत नाही, वरचेही नाही आणि खालचेही नाही. दुसरे असे की रुग्ण आता थोडे जास्त जगू लागले आहेत. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या ४१० रुग्णांच्या चाचणीत दोन औषधांच्या केमोने मध्यम आयुर्मान ८.१ महिन्यांवरून ११.७ वर गेले. पुढे ६८५ रुग्णांच्या चाचणीत प्रतिकारशक्तीवर काम करणारे ड्युरव्हॅल्युमॅब जोडल्यावर ते ११.५ वरून १२.८ झाले. महिन्यांतली ही वाढ लहान दिसते, पण त्याच चाचणीत दोन वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून सुमारे २५ टक्क्यांवर गेले. पेशींना दूरच्या ठिकाणी रुजायला जितका वेळ मिळेल, तितकी अनवट जागी प्रसार दिसण्याची शक्यता वाढते.

दुसरा आक्षेप स्कॅनचा: पेट स्कॅन, बोन स्कॅन असताना मज्जेतला कर्करोग लपेल कसा? बोन स्कॅन कर्करोग दाखवत नाही. कर्करोगाला उत्तर म्हणून हाड जे नवे बांधकाम करते, ते दाखवतो. मज्जेच्या पोकळीत पेशी पसरल्या पण हाडाला धक्का लागला नाही, तर तो निर्दोष येऊ शकतो. उलट सगळ्याच हाडांत सारखा प्रसार झाला असेल तर सगळीकडे सारखीच चमक दिसते आणि उतावळ्या नजरेला तीही नॉर्मल वाटते; तेव्हा मूत्रपिंडे जवळजवळ दिसत नाहीत, हाच इशारा. पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन घेतल्यावर पेट स्कॅनमध्ये निरोगी मज्जाही उजळते. या कामात एमआरआय अधिक भरवशाचा, कारण मज्जेतली चरबी जाऊन तिथे पेशी आल्या की तो फरक त्याला थेट दिसतो. तरीही शेवटचा शब्द मज्जेचा नमुना काढणाऱ्या सुईचाच.

मग सगळ्यांनाच सुई टोचायची का? अजिबात नाही. विरळ गोष्टीसाठी सरसकट चाचणी केली तर शेकडो थकलेल्या माणसांना फुकट त्रास होईल. मागणी मर्यादित आहे: हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही घसरले आणि केमोच्या विश्रांतीतही सावरले नाहीत; एलडीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज नळी मोकळी असूनही चढत राहिले; किंवा ‘के’ जीवनसत्त्व देऊनही रक्त गोठेना, तर सर्वांत आधी रक्ताची काचपट्टी पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहावी. यंत्राने छापलेला सीबीसीचा कागद इथे पुरत नाही, कारण केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी काही यंत्रे पांढऱ्यांत धरतात. काचपट्टी हाही अंतिम पुरावा नाही. तीव्र जंतुसंसर्गात किंवा पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शननंतर अपरिपक्व पेशी रक्तात येतातच. पण ती कारणे नसताना चित्र तसेच दिसले, तर मज्जेची बायॉप्सी करण्यास पुरेसा आधार मिळतो. ती कमरेच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यातून, जागा बधिर करून घेतात. कर्करोगाने भरलेल्या मज्जेत तंतू वाढलेले असतात, म्हणून सिरिंजने ओढल्यावर पुष्कळदा काहीच येत नाही. ते कोरडे ओढणे हीच एक माहिती असते आणि मग हाडाचा बारीक दंडगोल काढावा लागतो. प्लेटलेट कमी आहेत एवढ्याच कारणाने ही तपासणी टाळण्याची गरज नसते. जागा दाबून ठेवली तर रक्तस्राव बहुधा आटोक्यात राहतो. मात्र गोठण्याची साखळी पूर्ण बिघडली असेल तर आधी ती शक्य तितकी सावरावी लागते. एक बारकावा इथेच ठरतो. हाडाचा तुकडा कापण्याआधी त्यातले कॅल्शियम काढावे लागते. तीव्र आम्लात ते काढले तर पेशींतला डीएनए खराब होतो आणि पुढे जनुकीय चाचणी करता येत नाही. ईडीटीए या सौम्य रसायनात हळूहळू काढले, किंवा ओढलेल्या मज्जेची गुठळी वेगळी जपून ठेवली, तर तोच नमुना उपचार निवडायला उपयोगी पडतो.

सर्वांत जड आक्षेप शेवटी येतो: कळून उपयोग काय? चौथा टप्पा तसाही आहे, आयुष्य तसेही थोडे आहे. मज्जेचे नाव घेतल्याने काय बदलणार? हा प्रश्न निर्दय नाही, रुग्णाला आणखी त्रास नको या भावनेतून तो येतो. तरीही त्याचे उत्तर ‘बरेच काही’ असे आहे. पहिले, चुकीचे उपचार टळतात. तांबड्या पेशींचे तुकडे आणि कमी प्लेटलेट पाहून हा गुठळ्यांचा एखादा निराळा आजार समजून प्लाझ्मा बदलण्याचे महागडे उपचार सुरू होऊ शकतात; कर्करोगामुळे झालेल्या अवस्थेत त्यांचा फायदा होत नाही. जेमसायटाबिननेही क्वचित असेच चित्र होते आणि तिथे औषध बंद करणे हाच मार्ग. म्हणजे एका निदानात केमो थांबवायची, तर दुसऱ्यात केमोचाच विचार करायचा; उपचार नेमके उलटे. दुसरे, पुन्हापुन्हा स्टेंट बदलणे थांबते. जी कावीळ पेशी फुटल्यामुळे आहे ती नळी बदलून उतरणार नाही. तिसरे, रक्तपेढीकडे धावण्याला शिस्त येते. या अवस्थेत चढवलेल्या प्लेटलेट लगेच खर्ची पडतात. रक्तस्राव होत असेल किंवा एखादी प्रक्रिया करायची असेल तेव्हा त्या द्याव्यात, रोजचा आकडा सुधारण्यासाठी नातेवाइकांनी दाते शोधत फिरण्याला अर्थ नसतो.

आणि उपचाराची शक्यताही पूर्ण मिटलेली नसते. प्लेटलेट कमी असताना केमो देणे धोक्याचे, हा नियम औषधामुळे उतरलेल्या प्लेटलेटसाठी योग्यच आहे. पण त्या कर्करोगामुळेच उतरल्या असतील तर कर्करोग हटल्याशिवाय चढणार नाहीत. जठराच्या कर्करोगात अशा अवस्थेत जपून दिलेल्या केमोनंतर रक्त गोठणे आणि प्लेटलेट सावरल्याची, काही महिने मिळाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. ती निवडक रुग्णांची आहेत, चाचण्यांतून सिद्ध झालेली नाहीत, आणि अंथरुणातून उठू न शकणाऱ्या रुग्णाला त्यांचा आधार देणे अन्यायाचे होईल. पित्तनलिकेच्या बाजूने मात्र एक नवी गोष्ट आहे. यकृताच्या आत सुरू होणाऱ्या प्रकारात साधारण दहापैकी एकाच्या पेशींत एफजीएफआर-२ या जनुकाचे जोड आढळतात, आणि जवळपास तितक्यांत आयडीएच-१ चा बदल. पहिल्यावरचे पेमिगाटिनिब अमेरिकेत २०२० मध्ये आणि दुसऱ्यावरचे आयव्होसिडेनिब पित्तनलिकेच्या कर्करोगासाठी २०२१ मध्ये मंजूर झाले. ही तोंडाने घ्यायची औषधे मज्जेला रूढ केमोइतकी दडपत नाहीत. ती महाग आहेत, सर्वांना लागू नाहीत, आणि मज्जा व्यापलेल्या रुग्णांत त्यांचा स्वतंत्र पुरावा नगण्य आहे. पण ज्याची मज्जा केमो सोसू शकत नाही, त्याच्यासाठीच जनुकीय चाचणीचे मोल सर्वाधिक. नमुना ईडीटीएमध्ये ठेवण्याचा बारकावा म्हणूनच प्रयोगशाळेवर सोडून चालत नाही. तो आधी ठरवून सांगावा लागतो.

बहुतेक रुग्णांच्या बाबतीत मात्र हे निदान उपचार वाढवण्यापेक्षा ते थांबवण्याचा निर्णय स्वच्छपणे घ्यायला मदत करते, आणि तेही कमी महत्त्वाचे नाही. मज्जेतल्या प्रसाराने होणारी हाडांची वेदना खोल, रात्री वाढणारी असते. साध्या गोळ्यांनी ती थांबत नाही. तिला मॉर्फिन लागते. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी ते मिळवणे कायद्याने सोपे झाले, तरी जिल्ह्याच्या पातळीवर ते हाताशी असतेच असे नाही. वेदना मज्जेतून येते आहे हे ठाऊक असेल तर मॉर्फिन उशिरा सुरू होत नाही. कुटुंबालाही प्लेटलेट का चढत नाहीत, याचे एक खरे उत्तर मिळते. ते मिळाले नाही तर शेवटचे आठवडे रक्तपेढी, स्टेंट आणि अतिदक्षता विभाग या फेऱ्यांत जातात, आणि नंतर उरते ती ‘केमोनेच मारले’ किंवा ‘आपणच दिरंगाई केली’ अशी, बहुधा निराधार, टोचणी.

म्हणून करायला हवे ते थोडे आणि ठोस आहे. पित्तनलिकेच्या रुग्णाच्या पाठपुराव्यात बिलिरुबिन, जीजीटी, एलडीएच, हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि गोठण्याची वेळ हे आकडे तारखांसह एकाच पानावर, एकाखाली एक लिहावेत. वेगवेगळ्या विभागांच्या वेगवेगळ्या फायलींत ते विखुरलेले राहिले तर त्यांचा एकत्र अर्थ कुणालाच लागत नाही. तीन आकडे एकाच वेळी चुकीच्या दिशेने जाऊ लागले आणि नेहमीचे कारण दूर करूनही परतले नाहीत, तर काचपट्टी मागवावी. ती तालुक्याच्या ठिकाणीही बनते आणि तिचा खर्च एका प्लेटलेट पिशवीपेक्षा कितीतरी कमी असतो. सापडलेला प्रत्येक रुग्ण आणि संशय येऊन तपासल्यावर न सापडलेला प्रत्येक रुग्ण, दोन्ही रुग्णालयांच्या कर्करोग नोंदणीत लिहिले गेले, तर काही वर्षांत हा प्रसार खरोखर किती विरळ आहे ते आपल्याला पहिल्यांदा नीट कळेल. तोवर ‘क्वचित’ हा शब्द निष्कर्ष म्हणून वापरण्याचा अधिकार आपण कमावलेला नाही.